सुगंधी तेले आणि हामिला स्त्री : एका हरवलेल्या सूचनेचा इतिहास

काशीमीरा नाक्यावर अहमदाबादचा महामार्ग आणि घोडबंदरचा रस्ता एकत्र येतात. तेथून मीरा रोडकडे वळले की अत्तर, सुरमा, मिस्वाक, खजूर आणि मध विकणारी दुकाने लागतात. गेल्या काही वर्षांत या दुकानांच्या फळीवर लहान बाटल्यांची एक नवी रांग आली आहे : कलौंजीचे तेल, ओव्याचे तेल, निलगिरी, लव्हेंडर, पुदिना, लवंग. बाटलीवर किंमत असते, 'शंभर टक्के शुद्ध' असे लिहिलेले असते, कुठे उर्दूत 'हर मर्ज की दवा' असेही छापलेले असते. पण 'हामिला', म्हणजे गरोदर स्त्री, हा शब्द बहुतेक बाटल्यांवर सापडत नाही.

या गोष्टीचे आश्चर्य वाटायला हवे. कारण हीच द्रव्ये ज्या हकिमी ग्रंथांतून आपल्यापर्यंत आली, त्या ग्रंथांत हामिला स्त्रीसाठी सूचना लिहिलेली होती. सूचना होती, ती सांगणारी माणसेही होती. मग ती बाटलीपर्यंत का पोहोचली नाही? ती वाटेत नेमकी कोठे गळून पडली? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते शोधणे ही केवळ हौस नाही. आमच्या उर्दू शाळेत मुलांना घ्यायला येणाऱ्या आयांच्या बोलण्यात हा विषय वरचेवर निघतो. कुणाला उलट्यांसाठी पुदिन्याचे तेल घ्यायचे असते, कुणाला सासूने रोज चमचाभर कलौंजीचे तेल प्यायला सांगितलेले असते, कुणी सर्दीसाठी कापराचे तेल छातीला चोळत असते. विचारायचे कुणाला, हे मात्र कुणालाच ठाऊक नसते.

भबका आणि अर्क

फुलापानांतला सुवास वाफेबरोबर उडवायचा आणि ती वाफ थंड करून पुन्हा धरायची, ही कला मुस्लिम जगात फार लवकर रुजली. नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्ववेत्त्याने सुगंधद्रव्यांच्या रसायनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत. गुलाबाच्या अर्काचा शोध इब्न सीनाने लावला, असे आपल्याकडे अनेकदा सांगितले जाते. इब्न सीना हा फार मोठा हकीम होता, पण त्याच्या जन्माआधीच गुलाबपाणी काढले जात होते. हे श्रेय त्याला दिले नाही म्हणून त्याचे मोठेपण कमी होत नाही.

हिंदुस्थानात अकबराच्या दरबारात सुगंधाचे स्वतंत्र खाते होते, आणि त्याची माहिती अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त दिली आहे. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात गुलाबाच्या अत्तराचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. गुलाबपाणी काढताना भांड्यात वर तरंगणारा तेलकट थर तिने वेगळा केला आणि त्यातून 'इत्र-ए-जहांगिरी' तयार झाले, अशी ती नोंद आहे.

या नोंदीत आपल्या विषयाचे मर्म दडलेले आहे. भबक्यातून दोन वस्तू बाहेर पडतात. खाली राहते ते सुवासिक पाणी, म्हणजे अर्क. वर तरंगते ते तेल. हकिमांनी पिण्यासाठी मुख्यतः अर्क वापरला : अर्क-ए-गुलाब, अर्क-ए-बादियान, अर्क-ए-अजवायन. या पाण्यात तेलाचा अंश अगदी थोडा असतो. वरचे तेल अंगाला आणि कपड्याला लावण्याची चीज होती, आणि तीही श्रीमंतांची.

दोहोंतील अंतर किती, ते आकड्यांत पाहिलेले बरे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओव्यात दोन ते चार टक्के उडणारे तेल असते. म्हणजे ओव्याच्या तेलाची १० मिलीची एक बाटली भरायला सुमारे पाव ते अर्धा किलो ओवा खर्ची पडतो. पोट दुखले म्हणून चिमूटभर ओवा चावून खाणारी बाई पाव किलो ओवा एका बैठकीत कधीच खाणार नाही, जिभेला आणि घशालाच ते सोसणार नाही. बाटलीतले तेल मात्र एका घोटात पोटात जाऊ शकते. 'वनस्पती तीच, मग भीती कसली?' या प्रश्नाचे उत्तर एवढ्या हिशेबात मिळते.

'मुझिर'चा रकाना

युनानी औषधांच्या जुन्या ग्रंथांची मांडणी पाहण्यासारखी असते. अठराव्या शतकात मुहम्मद हुसेन अकीली यांनी फारसीत लिहिलेला 'मखजनुल अदविया' घ्या, किंवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा रामपूरच्या नजमुल गनी खान यांचा उर्दू 'खजाइनुल अदविया' घ्या. एकेका द्रव्याखाली त्याचा मिजाज दिलेला असतो, मग नफा म्हणजे उपयोग. त्यानंतर येते 'मुझिर', म्हणजे हे द्रव्य कोणाला किंवा कोणत्या अवयवाला अपाय करते. मग 'मुसलेह', म्हणजे तो अपाय कमी करणारी जोडवस्तू. नंतर 'बदल', आणि शेवटी 'मिकदार-ए-खुराक', म्हणजे किती द्यायचे. गुणाशेजारीच दोष लिहायचा, ही त्या परंपरेची शिस्त होती.

या ग्रंथांत गर्भाशी संबंधित दोन शब्द वारंवार येतात. एक 'मुदिर्र-ए-हैज', म्हणजे पाळी आणणारे. दुसरा 'मुस्कित-ए-जनीन', म्हणजे गर्भ पाडणारे. सुदाब, म्हणजे अनेक मराठी घरांच्या अंगणात असणारा सताप, या यादीत आहे. अबहल, म्हणजे हाऊबेर, आहे. रानटी पुदिन्याच्या काही जाती आहेत, जास्त प्रमाणातले केशर आहे. पाळी अडलेल्या बाईला जे औषध म्हणून द्यायचे, तेच हामिला बाईला द्यायचे नाही, हे वाचणाऱ्या हकिमाला वेगळे सांगावे लागत नसे. 'मुदिर्र-ए-हैज' या दोन शब्दांतच औषधही होते आणि इशाराही होता.

हे ज्ञान ग्रंथापुरते नव्हते, ते तीन माणसांच्या तोंडी होते. पहिला हकीम. दुसरा अत्तार. आज महाराष्ट्रात अत्तार हे आपल्या ओळखीचे आडनाव आहे आणि त्याचा अर्थ सुगंध विकणारा एवढाच घेतला जातो. अरबी-फारसीत मात्र अत्तार म्हणजे जडीबुटी विकणाराही. निशापूरचा सुफी कवी फरीदुद्दीन अत्तार याला हे नाव त्याच्या औषधांच्या दुकानामुळेच मिळाले. पुडी बांधताना 'कोणासाठी हवे?' असे विचारणे हा या व्यवसायाचा भाग होता. तिसरी दाई. बाई हामिला आहे हे नवऱ्याच्या आधी तिला कळायचे, आणि काय खायचे, काय टाळायचे हे ती सांगायची.

या तिघांचे सगळेच बरोबर होते, असे म्हणण्याचे कारण नाही. दाईच्या हातून कितीतरी बाळंतिणी दगावल्या. गर्भ पाडण्याची घातक औषधेही याच साखळीतून मिळत असत. म्हणूनच हकीम अजमल खान यांनी १९०९ साली दिल्लीत दाया आणि स्त्रियांना तिब्बी शिक्षण देणारा मदरसा काढला. त्याच सुमाराच्या 'बहिश्ती जेवर' या पुस्तकाची प्रत आजही कितीतरी मुलींना लग्नात मिळते. त्याच्या नवव्या भागात वैद्यकीय माहिती आहे आणि गरोदरपणात घ्यायच्या काळजीवर वेगळा मजकूर आहे. तो भाग आपल्या घरांत किती जणी उघडतात, हा प्रश्न निराळा.

नंदुरबारच्या भट्ट्या

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. सुगंधी तेल हा हकिमाच्या नजरेखालचा माल न राहता बाजारातला माल कसा झाला, याचे उत्तम उदाहरण खानदेशात सापडते. सातपुड्याच्या उतारावर, अक्राणीच्या बाजूला, रोशा नावाचे गवत उगवते. चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. एकोणिसाव्या शतकात या गवताचे तेल काढण्याचा मोठा धंदा तेथे होता. आधी तो पिंपळनेर भागात होता. तेथले गवत कमी झाल्यावर नंदुरबार, शहादे आणि तळोदे येथे गेला. आणि हा धंदा करणारे होते मुसलमान कारागीर.

पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सुमारास, हे कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत. लाकूड आणि वाहते पाणी जेथे मुबलक, अशा ओढ्याच्या काठी खड्डा खणून भट्टी लावत. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई ठेवून तीत पाणी आणि कापलेले गवत भरत. झाकण पिठाने लिंपून बंद करत. झाकणाच्या भोकातून कापड गुंडाळलेली बांबूची नळी निघे आणि ओढ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरे. वाफ नळीतून जाताना थंड होई आणि तेल जमा होई. १८८० च्या सुमारास खानदेशात अशा दोनशेच्या आसपास भट्ट्या होत्या. अल-किंदीच्या ग्रंथातला भबका असा ओढ्याच्या काठी, बांबू आणि पिठाच्या साहाय्याने चालू होता.

स्थानिक लोक हे तेल सांधेदुखीवर चोळत. पण बराच माल बाहेर जाई. काही बैलांच्या पाठीवर कोंडाईबारी घाटातून सुरतेला, काही गाडीने मनमाडला आणि तेथून रेल्वेने मुंबईला. मुंबईहून तो तांबड्या समुद्रातील बंदरांकडे, मुख्यतः जेद्दाकडे रवाना होई. ज्या वाटेने हाजी जात त्याच वाटेने खानदेशचे गवततेलही जात होते. पुढे ते कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. तेथे त्याला नवे नाव मिळे, आणि त्याचा उपयोग व्हायचा महागड्या गुलाबतेलात भेसळ करण्यासाठी. युरोपच्या बाजारात बराच काळ ते 'तुर्की जिरेनियम' म्हणूनही ओळखले जाई. नंदुरबारच्या ओढ्याकाठचे गवत इस्तंबूलच्या वाटेवर गुलाब झाले.

या प्रवासात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. माल जितका दूर गेला तितके त्याचे नाव बदलले आणि त्याच्याबरोबरची माहिती कमी झाली. तळोद्याच्या बाजारात विकत घेणाऱ्याला ठाऊक होते की हे रोशाचे तेल आहे आणि ते गुडघ्याला चोळायचे आहे. शेवटच्या गिऱ्हाइकाला फक्त वास ठाऊक होता. आजच्या बाटलीचेही तेच झाले आहे.

बाटलीबंद औषधांचे युग

विसाव्या शतकाच्या आसपास तेलांच्या व्यापाराला नवे वळण मिळाले. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत 'अमृतांजन' सुरू केले. १९०१ साली लाहोरात 'अमृतधारा' आली. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तीन घन पदार्थ एकत्र केले की आपोआप पातळ होतात, ही गंमत तिच्यामुळे घरोघर पोहोचली. १९२० साली हैदराबादेत हकीम मुईजुद्दीन फारुकी यांनी निलगिरी तेलावर आधारलेले 'जिंदा तिलिस्मात' काढले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणून औरंगाबाद, बीड, नांदेडच्या घरांत ही बाटली आजही ओळखीची आहे.

या औषधांनी गरिबाला स्वस्तात आराम दिला, हे नाकारता येणार नाही. पण त्याबरोबर एक बदल झाला. हकीम नाडी पाहत असे आणि प्रश्न विचारत असे. बाटली प्रश्न विचारत नाही. १९३७ साली फ्रान्समध्ये रेने-मॉरिस गातफोसे या रसायनतज्ज्ञाने 'अरोमाथेरपी' या नावाचे पुस्तक लिहिले आणि सुगंधी तेलांच्या उपचाराला आधुनिक नाव दिले. पुढे ते जगभर पसरले आणि ब्यूटी पार्लरमार्गे आपल्याकडे परत आले. भबक्याची विद्या पूर्वेकडून गेली, 'मुझिर'चा रकाना मात्र परतीच्या प्रवासात आला नाही.

कायद्याने काही प्रमाणात लक्ष घातले. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. १९६४ च्या दुरुस्तीने युनानी आणि आयुर्वेदिक औषधांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आले. गर्भपात घडवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आणली. परंतु जे तेल औषध म्हणून नव्हे तर 'सुवासासाठी' किंवा 'मालिशसाठी' म्हणून विकले जाते, त्याला औषधाचे नियम लागत नाहीत. घरात आल्यावर त्याचे औषध होते, ही गोष्ट कायद्याच्या नजरेआड घडते.

आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते

हामिला स्त्रीवर मुद्दाम प्रयोग करता येत नाहीत. त्यामुळे या तेलांबद्दलचे ज्ञान तीन वाटांनी आले आहे : विषबाधेच्या घटना, प्राण्यांवरचे प्रयोग आणि रुग्णालयांतील निरीक्षणे. ते पूर्ण नाही, पण दिशा दाखवण्याइतके नक्कीच आहे.

विषबाधेच्या घटना गंभीर आहेत. १९७८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात अठरा वर्षांच्या एका तरुणीने गर्भ पाडण्यासाठी पेनिरॉयल या रानपुदिन्याचे सुमारे तीस मिली तेल प्यायले. तिचे यकृत निकामी झाले आणि ती मरण पावली. हकिमांनी ज्या कुळातल्या वनस्पतींवर 'मुदिर्र-ए-हैज'ची खूण केली होती, त्यांच्यापैकीच ही एक.

कापराची हकीकतही तशीच. कापूर आईच्या रक्तातून वारेमार्गे बाळापर्यंत पोहोचतो. कापूर घातलेले तेल एरंडेल समजून प्यायल्याच्या घटना अमेरिकेत इतक्या झाल्या की १९८२ साली तेथे अशा तेलाच्या विक्रीवर बंदी आली आणि चोळण्याच्या औषधांत अकरा टक्क्यांहून जास्त कापूर घालण्यास मनाई झाली. प्रसूतीसाठी एरंडेल देण्याची चाल आपल्याकडेही होती. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्या काय अनर्थ करू शकतात, हे वेगळे सांगायला नको.

भारतातलेही पुरावे आहेत. बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी दक्षिण भारतातील काही रुग्णालयांत केलेली एक पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. निलगिरी आणि कापूर असलेली तेले, बाम इत्यादींच्या वापरानंतर मोठ्या माणसांनाही फिट येऊ शकते, असे तीत दिसून आले. गरोदरपणात फिट येणे आई आणि बाळ दोघांसाठी धोक्याचे. ज्या बाईला पूर्वी फिट आलेली आहे तिने तर या तेलांपासून दूरच राहावे.

कंबरदुखीच्या अनेक मलमांत विंटरग्रीनचे तेल किंवा त्यातलेच मिथाइल सॅलिसिलेट असते. ते ॲस्पिरिनच्या जातीचे द्रव्य आहे आणि कातडीतून रक्तात जाते. सातव्या-आठव्या महिन्यात कंबर दुखते म्हणून असे मलम रोज, मोठ्या भागावर चोळणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पण चित्र नुसते काळे नाही. इराणमध्ये शंभर गरोदर स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. लिंबाच्या तेलाचा नुसता वास घेतल्याने त्यांची मळमळ काही प्रमाणात कमी झाली. ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात १९९० ते १९९८ या काळात आठ हजारांहून अधिक बाळंतिणींना प्रसूतीच्या वेळी प्रशिक्षित सुईणींनी निवडक तेले दिली. त्यांपैकी सुमारे एक टक्का स्त्रियांनाच मळमळ, पुरळ, डोकेदुखी असा किरकोळ त्रास झाला. म्हणजे सुगंध हा शत्रू नाही. कोणते तेल, किती, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या देखरेखीखाली, यावर सगळे अवलंबून आहे. 'मिकदार-ए-खुराक'चा रकाना याहून वेगळे काय सांगत होता?

कलौंजीचा नाजूक प्रश्न

कलौंजीबद्दल बोलताना आपल्या समाजात आवाज खाली येतो, कारण येथे श्रद्धा आहे. मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर काळ्या दाण्यात शिफा आहे, या अर्थाची हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. दुकानदार तिचाच आधार घेऊन तेल विकतात आणि घरातली वडीलधारी माणसे तिच्याच आधारावर सुनेला चमचा देतात. 'नको' म्हणणे म्हणजे हदीस नाकारणे, असे त्या सुनेला वाटते.

पण आपल्या आलिमांनीच या हदीसचा अर्थ कसा लावला, ते पाहावे. दहाव्या शतकातील भाष्यकार अल-खत्ताबी यांनी लिहिले आहे की येथे शब्द व्यापक असला तरी अभिप्रेत अर्थ मर्यादित आहे, कारण सगळ्या आजारांवर लागू पडेल असे सर्व गुण एकाच वनस्पतीत नसतात. चौदाव्या शतकातील इब्न कय्यिम यांचे तिब्ब-ए-नबवीवरील लेखन आपण फार आदराने वाचतो. ते कलौंजीचे गुण तपशिलाने देतात आणि त्याच ओघात सांगतात की काही दिवस सतत घेतल्यास ती लघवी, दूध आणि हैज आणते. अति प्रमाण जीवघेणे ठरते असे काही लोकांचे मत आहे, हेही ते नोंदवतात. ज्यांनी हदीसवर प्रेम केले त्यांनीच ही सूचनाही लिहून ठेवली. सूचना सांगणे हा श्रद्धेला विरोध असता तर त्यांनी ती लिहिली नसती.

आधुनिक प्रयोगांत कलौंजीचे चित्र अजून स्पष्ट नाही. १९९६ साली जॉर्डनच्या संशोधकांनी प्राण्यांच्या गर्भाशयावर तिच्या उडणाऱ्या तेलाचा प्रयोग केला, तेव्हा आकुंचन वाढण्याऐवजी कमी झाले. उलट तिच्यातील थायमोक्विनोन हे द्रव्य गाभण उंदरांना जास्त मात्रेत दिल्यावर गर्भ नष्ट झाल्याचेही प्रयोग आहेत. जेथे जुने ग्रंथ सावध करतात आणि नवे शास्त्र अजून एकमताला आलेले नाही, तेथे शहाणपणाचा मार्ग एकच. नानवर आणि लोणच्यात पडते तेवढी कलौंजी खुशाल खावी. औषध म्हणून तेल पिणे मात्र बाळंत होईपर्यंत बाजूला ठेवावे.

हामिला स्त्रीसाठी काही गोष्टी

आतापर्यंतच्या विवेचनातून निघणाऱ्या सूचना थोडक्यात अशा. कोणतेही सुगंधी तेल गरोदरपणात पोटात घेऊ नये, पाण्यात थेंब टाकूनही नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा अंगालाही लावू नये. पुढे लावायचे झाल्यास डॉक्टरांना विचारून, आणि तेही निव्वळ न लावता चमचाभर खोबरेल किंवा बदाम तेलात एकच थेंब घालून. सताप, हाऊबेर, पेनिरॉयल, अफसंतीन, कापूर आणि विंटरग्रीन यांची तेले नऊही महिने टाळावीत. क्लॅरी सेजसारखे तेल कळा वाढवते असे मानतात, म्हणून ते घरी वापरू नये. दम्याच्या रुग्णाने बंद खोलीत तेलाची वाफ किंवा लोबानची धुरी घेऊ नये.

अत्तराविषयी विचारणा होते म्हणून लिहिते. ईदच्या दिवशी कपड्याला लावलेला अत्तराचा बोट आणि तेल पिणे यांत फार अंतर आहे. मात्र आज स्वस्तात मिळणारी बरीच अत्तरे फुलांची नसून कृत्रिम रसायनांची असतात. ती कातडीला न लावता कपड्याला लावावीत आणि वासाने मळमळत असेल तर तेवढे महिने सोडून द्यावीत. आणि चुकून कुणी तेल प्यायले तर उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. आपल्या राज्यात त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

हया आणि सूचना

एक प्रश्न उरतो. सूचना फक्त बाटलीवर छापली की काम होईल का? मला तसे वाटत नाही. पूर्वी ही सूचना बाईपर्यंत पोहोचत होती, कारण तिची अवस्था दाईला ठाऊक असायची. आज दुकानातल्या परक्या पुरुषासमोर 'मी हामिला आहे' असे म्हणायला तिला संकोच वाटतो. बहुतेक वेळा बाटली नवराच आणतो आणि त्यालाही हे सांगावेसे वाटत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर गोळ्यांची नावे सांगितली जातात, 'तेल' सांगितले जात नाही, कारण ते औषध आहे असे कुणाला वाटतच नाही. हया ही आपल्या दीनातली मोलाची गोष्ट आहे. पण हजरत आयेशा यांनी मदिनेतील अन्सार स्त्रियांची वाखाणणी केली ती याचसाठी की, दीन समजून घेताना हयेने त्यांना विचारण्यापासून अडवले नाही. ज्यांनी पैगंबरांना हैज आणि गुस्लचे मसले विचारले, त्यांच्या वारसदार मुलींनी डॉक्टरला एका बाटलीबद्दल विचारायला का लाजावे?

आपल्याकडे हे काम करू शकणाऱ्या जागा आहेत. मुंबईत युनानी शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत आणि तेथे आपल्या मुली शिकत आहेत. जुन्या ग्रंथांतला 'मुझिर'चा रकाना सोप्या मराठीत आणि उर्दूत आणणे त्यांना अवघड नाही. मोहल्ल्यातील आशा ताई आणि अंगणवाडीच्या सेविका घरोघर जातात, त्यांच्या प्रश्नांत 'घरात कोणते तेल वापरता?' हा एक प्रश्न वाढवता येईल. आपले अत्तार बांधव बाटली हातात देताना पूर्वजांचा तो जुना सवाल पुन्हा विचारू शकतात : 'कोणासाठी हवे?' आणि सासवांनी सुनेच्या हाती चमचा देण्याआधी तिच्या डॉक्टरचा कागद एकदा पाहावा, एवढीच विनंती.